सुरतेची शाखा आणि नाशिकचा पाडवा

पंचवटी, नाशिक
कोजागरी पौर्णिमा, सोमवार, दि. ६ ऑक्टोबर २०२५

श्री. नवनाथराव यांस,

खंडेरावांचा सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना मानतो की नाही, ते कळवावे. सौ. मोहिनीस आशीर्वाद सांगावेत. येथे मी, हर्षल व सूनबाई उज्वला सुखरूप आहोत. गोदामाईचे पाणी ओसरले, हवा कोरडी झाली आणि माझा खोकला मूळपदावर आला.

परिवाराच्या व्हॉट्सअॅप गटावर काल तुम्ही जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, तो मी तीनदा वाचला. ‘ताई निघाली तेव्हा दाजी स्टँडवर पण आले नाही, घरात पेपर वाचत बसले’ असे आपण लिहिता. (क्रियापदाचे मी मनातल्या मनात पाहून घेतले. छापखान्यात चाळीस वर्षे मुद्रितशोधन केलेल्या माणसाचा हात अशा ठिकाणी आपोआप वळतो. तक्रार त्याची नाही.) तक्रार घटनेची आहे. मी आलो होतो. केवळ आलो होतो असे नव्हे, मी गेलोही होतो.

घडले ते असे. तुमच्या भगिनी मालनबाई यांची पिशवी वरच्या फळीवर ठेवण्यासाठी मी गाडीत चढलो. पिशवी ठेवल्यावर काही सूचना देणे क्रमप्राप्त होते (सुरतेचे पाणी, तुमच्या जिन्याची तुटकी पायरी, रक्तदाबाची गोळी, अनोळखी माणसाने दिलेला चहा). माझी वाक्ये थोडी लांब असतात, हे तुम्ही जाणताच. वाक्य अर्ध्यावर असताना गाडी हलली. वाहक म्हणाला, “बाबा, उतरायचं तर नाक्यावर उतरा, नायतर तिकीट काढा. भाषण फुकट हे, सीट फुकट नाय.” तुमच्या भगिनी खिडकीबाहेर पाहत पुटपुटल्या, “अहो, उतरा आता. लोक बघतायत.” मी वाटेवरच्या पेठ गावापर्यंतचे तिकीट काढले. वाक्य अपुरे सोडण्याची मला सवय नाही. तथापि पेठ आले तरी ते पुरे झाले नाही, कारण घाट लागण्यापूर्वीच त्यांना डुलकी लागली, डोके माझ्या खांद्यावर आले, आणि निजलेल्या माणसाला सूचना देण्यात अर्थ नसतो. पेठला मी उतरलो, परतीच्या गाडीची वाट पाहत बाकावर बसलो, आणि तुम्ही म्हणता ते वर्तमानपत्र तेथे वाचले. तेव्हा वृत्तान्तात ‘घरात’ या शब्दाच्या जागी ‘पेठच्या स्थानकावर’ असा बदल करावा.

आता व्यवसायविस्ताराकडे वळतो. नागलीचे (म्हणजे नाचणीचे) पापड ही आमच्या घरची उन्हाळ्यातली नित्याची गोष्ट. चैत्र लागला की परातीत उकड निघायची, तीतला एक गोळा कच्च्या तेलाची धार घालून आधी माझ्या वाटीत यायचा (“चव बघा आणि गप्प बसा”), मग लाटणी बसायची. घरचे ठेवून उरलेले गल्लीत विकले जात. तेवढ्यावर सगळे समाधानी होते. सुरतेत आपल्याकडची माणसे उदंड आणि नागलीचा पापड मात्र दुर्मीळ, हा शोध तुमचा. “ताई, आठ दिवस ये, बाजार बघ,” हे आमंत्रणही तुमचे. त्या आठ दिवसांत नेलेला माल संपला. मग मोहिनीच्या गच्चीवर नवा घातला. मग शेजारच्या गुजराती भगिनींनी चव घेतली, मग कोणा दुकानदाराने फळी मोकळी करून दिली. असे करता करता आठ दिवसांचे पाच महिने झाले. तुमच्या भगिनींच्या कर्तृत्वाचा मला अभिमान आहे, हे येथे स्पष्ट नोंदवतो. परंतु नवनाथराव, आपल्या मुलखातून पूर्वी सुरतेवर जे चालून गेले, तेसुद्धा काम उरकून वेळेवर परतले होते. इतिहास पाहावा.

त्या रोज चित्रफोन करतात, यात शंका नाही. मात्र फोन लागताच तो त्या सवयीने कानाला लावतात. परिणामी या पाच महिन्यांत मी त्यांचा उजवा कान जितका पाहिला, तितका पन्नास वर्षांत पाहिला नव्हता. “अहो, समोर धरा,” असे मी म्हणतो. “धरलाय की, ऐकू येत नाही का?” असे उत्तर येते. गणपतीत कानातली कुडी बदललेली दिसली. त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. नवी कुडी चांगली आहे. त्यांना सांगू नये.

इकडे घरात पापडांचे डबे शिल्लक होते. शाखा सुरतेला जोर धरते आणि मूळ पेढी पंचवटीत झोपा काढते, हे मला रुचेना. उज्वला म्हणाली, “बाबा, मी फोटो टाकते, लोक घरी येऊन नेतील.” मी म्हटले, बाजारपेठ माणसाने पायांनी मिळवावी. पहिली निवड देवळाली कॅम्पाची केली. लष्कराची वसाहत, सगळ्या प्रांतांची कुटुंबे एकाच बाजारात, म्हणजे एका बसभाड्यात अखिल भारत! पाकिटावर चिकटवायला नागलीचे गुणवर्णन मी स्वतः लिहिले. ते इतके सर्वांगपूर्ण झाले की चिकटवल्यावर आतला पापड दिसेनासा झाला. एका हवालदाराच्या पत्नीने कागदाचे टोक उचलून आत पाहिले आणि म्हणाली, “अंकलजी, ये तो तलने से पहले ही जल गया!” नागलीचा मूळ रंगच तसा असतो, हे मी सविस्तर समजावले. तिने ऐकून घेतले व म्हणाली, “आंटी को बोलो, गैस धीमा रखें.” आंटी सुरतेला आहेत, असे मी म्हटले. त्यासरशी तिचा चेहरा बदलला. “अच्छा, पोस्टिंग! कितने साल की?” मी पाकिटे पुन्हा रचू लागलो. “मेरे वाले भी बाहर हैं,” ती म्हणाली, “आदत हो जाती है, अंकलजी.” आणि तिने दोन पाकिटे घेतली. ती विक्री पापडाची नव्हती, हे मला समजते.

दुसरी निवड त्र्यंबकेश्वराची. श्रावणातला तिसरा सोमवार म्हणजे ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी आलेला अथांग जनसमुदाय. असे गिऱ्हाईक वर्षात पुन्हा मिळत नाही, असा हिशेब करून मी पहाटेच्या गाडीने टोपली घेऊन निघालो. चवीसाठी एक डबा तळूनही घेतला. जागा उत्तम मिळाली. प्रत्येक जण टोपलीपाशी थांबे, वास घेई, हसून हात जोडी आणि पुढे जाई. दुपारपर्यंत एकही पापड गेला नाही, तेव्हा गुणवर्णनात काही उणीव राहिली असावी, या शंकेने मी शेजारच्या राजगिऱ्याच्या लाडूवाल्याला विचारले. तो तोवर सगळे लाडू विकून टोपली झटकत होता. म्हणाला, “काका, सोमवार हाय. समद्यांचा उपास.” (मी गर्दीचा विचार केला, तिच्या पोटाचा केला नाही.) मग त्याने तळलेल्या पापडांकडे बोट दाखवून विचारले, “तुम्ही का खाईना मंग एखादा?” तेव्हा मला आठवले की उपवास माझाही होता. श्रावणी सोमवारी खिचडीचे ताट समोर आले की माझ्या लक्षात येई, आज सोमवार. यंदा ते ताट सुरतेत वाढले गेले. तेवढ्यात पाऊस आला आणि तळलेले सगळे सादळले.

गेल्या आठवड्यात हरसूलच्या बाजारी गेलो. नागली तेथल्या भागीबाईकडून घेण्याची आमची जुनी रीत. तिने माझ्यामागे कोणी आहे का ते आधी वाकून पाहिले. “बाई कुठं हाय?” मी सांगितले. “आजून तिकडंच? लय दिस झालं की वो.” मी पिशवी पुढे केली, तर तिने ती घडी करून माझ्याच हातात दिली. “दिवाळीला नवी नागली येईल. बाईलाच धाडा. ती आल्याबिगर बाजार कसला?” व्यापारातले हे तत्त्व मला नवे होते. रिकामी पिशवी घेऊन मी परतलो.

असो. हे सगळे मी केवळ मूळ पेढीची स्थिती तुमच्या ध्यानी यावी म्हणून लिहिले. मला स्वतःला कसलीही अडचण नाही. तुमच्या भगिनींनी सवडीने यावे, घाई करू नये. त्यांना माझा नमस्कार (तो फोनवर सांगता येत नाही, समोर कान असतो) जरूर सांगावा.

तुमचा,
खंडेराव

ता. क. हे पत्र टपालात टाकण्यासाठी उज्वलाकडे दिले असता तिने ते वाचले. तिचे म्हणणे असे की, देवळालीच्या त्याच हवालदारीणबाईने शेजारणींना चव दिली, तेथल्या एका दुकानदाराने आणखी माल मागवला, आणि ही गोष्ट मी दडवली. गोष्ट खरी आहे. माल खपत नाही म्हणून मालनबाईंनी परत यावे, असा युक्तिवाद मला करायचा होता. तो आता टिकत नाही. पापडाचे उत्तम चालले आहे.

ता. क. दुसरा. ‘मला स्वतःला कसलीही अडचण नाही’ हे वर आलेले वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. त्याविषयी एवढेच म्हणता येईल.

ता. क. तिसरा, आणि पत्राचे कारण. कालच्या वृत्तान्ताच्या शेवटी तुम्ही लिहिता, ‘ताई आता भाऊबीज करूनच येणार.’ नवनाथराव, भाऊबिजेच्या आदल्या दिवशी पाडवा असतो. पाडव्याला पत्नी पतीला ओवाळते. लग्न झाल्यापासून आमच्या घरी हे चुकलेले नाही. एका वर्षी मी टायफॉइडने अंथरुणाला खिळलो होतो, तर त्यांनी निरांजन पलंगाशी आणले होते. उज्वला म्हणते, यंदा फोनवर ओवाळून घ्या. म्हणजे मी कानासमोर पाट मांडून बसू काय? भाऊबीज मात्र कोठेही होऊ शकते. किंबहुना भावाने बहिणीच्या घरी जावे, हीच तिची मूळ रीत. बहिणीला पाच महिने ठेवून घेऊन घरबसल्या ओवाळून घेणे शास्त्रात नाही. तेव्हा तुम्ही, मोहिनी आणि त्या, तिघेही यावे. गुडघ्यासाठी खालची खोली झाडून ठेवली आहे. गाडीत त्यांना खिडकी द्यावी, आणि डुलकी लागली तर खांदा द्यावा. त्या पिशवीवर डोके टेकतात, मग मान धरते.

तुमच्या वृत्तान्तातील व एकंदर चुकीच्या तारखा पुढीलप्रमाणे दुरुस्त करून घ्याव्यात :

मालनबाई निघाल्या तो दिवस : ‘अक्षय्य तृतीया’ नव्हे. सोमवार, ५ मे.

मी घरात वर्तमानपत्र वाचत बसलो तो दिवस : असा दिवस नाही.

परत येण्याचा ठरलेला दिवस : मंगळवार, १३ मे. (ही तारीख तुमचीच. तुमच्या वृत्तान्तात ती आढळत नाही.)

दिवाळी पाडवा : बुधवार, २२ ऑक्टोबर.

भाऊबीज : गुरुवार, २३ ऑक्टोबर. स्थळ : पंचवटी.

मालनबाई नाशिकला पोहोचण्याचा दिवस : मंगळवार, २१ ऑक्टोबर. ही तारीख तुमच्याकडून चुकली आणि त्याआधीची पडली, तर मी दुरुस्त करणार नाही.