मास्टर सिलिंडर, तिसऱ्यांदा

१० नोव्हेंबर, सोमवार

शाळेतून येताना चौक्याच्या घाटात ब्रेकचं पेडल पार खाली गेलं. पार! मी दाबतेय, दाबतेय, आणि गाडी आपली उतारावर निवांत. चार-पाचदा पेडल मारलं तेव्हा कुठं थोडं धरलं. पुढं मक्याची ट्रॉली होती, तिच्यापासून हातभर अंतरावर थांबले. शेजारी उमा मॅडम - आमच्याच शाळेतल्या, रोज माझ्या गाडीत असतात - त्यांनी जेवणाचा डबा छातीशी धरला होता आणि डोळे मिटले होते. डोळे मिटून काय होणार होतं देव जाणे.

हँडब्रेक आणि पहिला गियर, असं रांगत रांगत हर्सूलपर्यंत आणली. नावेदभाईंच्या गॅरेजमध्ये. त्यांनी पेडलच्या मागं हात घातला, बोट बाहेर काढून मला दाखवलं. ओलं. "मॅडम, मास्टर सिलिंडर लीक है." म्हणजे आपण पेडल दाबतो तेव्हा हा सिलिंडर चारही चाकांना तेल ढकलतो, आणि आतलं रबर गेलं की तेल चाकांकडे जायच्या ऐवजी मागच्या मागं गळतं. गाडी २००७ची. रबरही तेव्हाचंच असणार. किट बदलू म्हणाले, म्हणजे आतली सगळी रबरं.

घरी सांगितलं तर इंद्रजीतनं ताटातून मान वर न करता निकाल दिला - विकून टाक ते डबडं, एसटी आहे की. एसटी आहे! सकाळची एसटी पोचते तेव्हा शाळेत प्रार्थना होऊन हजेरी संपलेली असते, हे नवऱ्याला बारा वर्षांपासून माहीत आहे. अडतिसाव्या वर्षी गाडी शिकले मी. माझ्या पगारातून घेतली. या घरात कुणालाही न विचारता घेतलेली ही माझी एकच वस्तू. नाही विकणार.

१२ नोव्हेंबर, बुधवार

गाडी मिळाली. पेडल टणक. नावेदभाई म्हणाले, बॉनेटखाली ब्रेक तेलाची छोटी टाकी आहे, तिच्यावर रेघ आहे, काही दिवस लक्ष ठेवा, तेल रेघेखाली जायला नको.

रात्री जेवताना मी हे सांगत होते तेव्हा इंद्रजीत मोबाइलमध्ये. काकासाहेबांनी मात्र दोनदा विचारलं, टाकी कुठली, रेघ कुठं. सासऱ्यांना त्यांच्या गावी, करमाडमध्ये, सगळे काकासाहेबच म्हणतात, मीही तेच म्हणते. सासूबाई गेल्यावर उन्हाळ्यात ते आमच्याकडे शहरात, हडको वसाहतीत आले. जमीन बटईनं दिली, ट्रॅक्टर विकला. आता दिवसभर ओट्यावर बसतात आणि गल्लीत कुणाची गाडी कधी आली नि कधी गेली हे मला संध्याकाळी सांगतात. मी गाडी शिकत होते तेव्हा करमाडच्या रस्त्यावर हेच शेजारी बसायचे. मी गाडी बांधावर घातली तरी एक शब्द बोलले नव्हते. इंद्रजीत एकदाच बसला, त्यानंतर तीन दिवस आमचं बोलणं बंद होतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गाडी छान चालली आहे. उमा मॅडम आता डोळे उघडे ठेवून बसतात.

२४ नोव्हेंबर, सोमवार

छान लिहिलं आणि फसले!

आज उलटाच प्रकार. ब्रेक लागला तो सुटेचना. फुलंब्रीच्या अलीकडे गाडी ओढल्यासारखी चालायला लागली, मग जळका वास. उतरून बघितलं तर पुढच्या चाकाजवळ हात धरवेना इतकं गरम. उमा मॅडम म्हणाल्या, सरिता मॅडम, राग नका मानू, आणि मागून आलेल्या बसला हात करून निघून गेल्या. राग मानू नका म्हणे. तासभर एकटी उभी होते. जाणारा प्रत्येक माणूस विचारणार - पेट्रोल संपलं का? बाई गाडी चालवते म्हणजे तिचं पेट्रोलच संपणार!

गॅरेजमध्ये नावेदभाईंनी सिलिंडर खोलला. नवं कोरं रबर फुगलेलं. त्यांनी ते बराच वेळ हातात फिरवलं. किटचा मालच खराब निघाला असेल, म्हणाले, आता अख्खा सिलिंडरच नवा टाकू. मी विचारलं, किट तुम्हीच आणलं होतं ना? हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

एसटी. उभं राहून. हजेरी संपल्यावर पोचले. मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सिलिंडर शहरात मिळत नाही. तीन दुकानं फिरले. तिसऱ्या दुकानातल्या माणसानं विचारलं, ताई, ही गाडी अजून चालते? त्याला म्हटलं, चालत असती तर मी इथं आले असते का. पुण्याहून मागवायला सांगितला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

नवा सिलिंडर बसला. जुनं तेल सगळं काढून नवं भरलं. नावेदभाईंनी स्वतः हर्सूल तलावापर्यंत चालवून आणली आणि म्हणाले, आता बघायचं काम नाही. मी मनात म्हटलं, मागच्या वेळीही हेच वाटलं होतं.

४ डिसेंबर, गुरुवार

तिसऱ्यांदा!! आणि पुन्हा घाटातच. पेडल आधी चिवट झालं, मग एकदम खाली. या वेळी गाडीत मी एकटी. डोंगराच्या बाजूला मातीत घातली तेव्हा थांबली. स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले. खरं लिहायचं तर भीती वाटली, पहिल्यांदाच इतकी. आधी इंद्रजीतला फोन केला. काय बोलले ते आता आठवत नाही.

टोचन करून गाडी हर्सूलला. तिथं माझी जीभ सुटली. गॅरेजमध्ये चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर नावेदभाईंना म्हटलं, तुम्हाला काम जमत नसेल तर बाहेरचा बोर्ड उतरवा, माणसं मरतील. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, ऐकवलं!

रात्री इंद्रजीतनं शांतपणे सांगितलं, त्याच्या शेंद्र्याच्या कंपनीतला विश्वजित म्हणून एक जण रविवारी गाडी बघायला येतोय. भांडायला मी तयारच होते. पण तो म्हणाला, "तुझा फोन आला तेव्हा माझ्या हातातून पाना पडला, सरिता. मला हे परत नको." यावर काय भांडणार? त्याचं चुकलंय असंही म्हणता येईना. रविवार होईपर्यंत कारण सापडलं तर ठेवू, नाही तर नाही, इतकंच त्यानं मान्य केलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी नावेदभाईंचा फोन. मॅडम, एक बार आके देखो. शाळा सुटल्यावर थेट तिथं गेले.

टेबलावर पाण्याचे दोन ग्लास. एकात त्यांनी सीलबंद बाटलीतलं ब्रेक तेल ओतलं. पाण्यात मिसळून गेलं. दुसऱ्यात माझ्या गाडीच्या टाकीतलं ओतलं. त्यातलं बरंचसं वर तरंगलं, आमटीवरच्या तेलासारखं. "मॅडम, इसमें कोई दूसरा तेल डालरा. मैं नै डाला." ब्रेकच्या रबराला दुसरं कुठलंही तेल लागलं की ते फुगतं, म्हणाले. किट चांगलं होतं, सिलिंडरही चांगला होता. टाकीच्या झाकणातलं रबरसुद्धा फुगून मावेनासं झालं होतं, ते त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. काल ज्या जागी उभी राहून बोलले होते तिथंच उभी राहून माफी मागितली. गिऱ्हाईक आज एकच होतं, त्याच्यासमोर मागितली. नावेदभाई म्हणाले, छोडो मॅडम, घाट में डर लगताइच. चारही चाकांची रबरं बदलून उद्या गाडी देतो म्हणाले.

येताना रिक्षात सगळा हिशेब लावला. बॉनेट कोण उघडतं? मी नाही. इंद्रजीत तर गाडीला हातही लावत नाही. शाळेत गाडी वर्गासमोरच असते.

घरी पोचले तर काकासाहेब फाटकात उभे. "गाडी कवा येणार? आज तेल बघायचं ऱ्हायलं."



कुठलं तेल, असं विचारलं तर त्यांनी मला हाताला धरून जिन्याखाली नेलं. जुन्या पोत्याखाली पाच लिटरचा कॅन, छोटं नरसाळं, घडी घातलेलं फडकं. ट्रॅक्टर विकला तेव्हा त्याच्या हायड्रॉलिकचं तेल उरलं होतं, ते करमाडहून आणलेलं. "ब्रेक बी तेलाच्या जोरावर चालतो, ट्रॅक्टरची लिफ्ट बी तेलाच्याच. हे लई भारी तेल हाय. रोज पहाटं तू उठायच्या आधी चावी घिऊन बघतो, वाईच घालतो. रेघंच्या खाली एक दिस जाऊ दिलं नाय." चेहरा असा की मी शाबासकी द्यावी. सहा महिन्यांत या माणसाचा असा चेहरा मी बघितला नव्हता.

मी म्हटलं, बरं झालं, काकासाहेब. आणि आत येऊन बाथरूमचं दार लावून घेतलं.

आता काय करू? इंद्रजीतला सांगितलं की गाडी वाचते. कारण सापडलं, विषय संपला. पण काकासाहेबांचं काय? दसऱ्याच्या सुमारास त्यांच्या हातून एकदा गॅस चालू राहिला, तेव्हापासून इंद्रजीत त्यांना स्वयंपाकघरात जाऊ देत नाही. एकटं बाजारात जाऊ देत नाही. वाईट हेतूनं नाही, काळजीनंच. पण आपला बाप रोज पहाटे बायकोच्या ब्रेकमध्ये चुकीचं तेल ओतत होता हे कळल्यावर तो त्यांना ओट्यावरूनही उठू देणार नाही. आणि काकासाहेब स्वतः? फुलंब्रीला चाक तापलं आणि परवा घाटात मी मरता मरता वाचले ते यांच्या हातानं, हे त्यांना कुणी सांगायचं? मी? माझी चीड इतकी आहे की भांडी आपटावीशी वाटतात, आणि आपटायची कुणासमोर?

जेवताना इंद्रजीतनं विचारलं, कारण कळलं का काही? म्हटलं, नाही. मग रविवारी येऊ दे विश्वजितला, म्हणाला. म्हटलं, येऊ दे.

माझ्या तोंडून हे निघालं यावर माझाच विश्वास बसत नाही.

६ डिसेंबर, शनिवार

गाडी आली. ब्रेक असे की पाय ठेवताच थांबते. विकायच्या आदल्या दिवशी!

सकाळीच, काकासाहेब अंघोळीला गेले तेव्हा, त्यांच्या कॅनमधलं तेल दुसऱ्या डब्यात काढून ठेवलं, कॅन धुऊन वाळवला आणि त्यात दोन बाटल्या ब्रेक तेल ओतलं. गाडी उद्या जाणार हे माहीत असून केलं. एक दिवस तर एक दिवस, त्यांना त्यांचं काम राहू दे. नावेदभाईंनाही सांगून आले होते की माझ्या घरी कुणी विचारलं तर तुम्हाला काही माहीत नाही. त्यांनी मान हलवली.

संध्याकाळी काकासाहेब कॅन घेऊन बॉनेटपाशी गेले. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी झाकणात थोडं तेल ओतलं, नेहमीसारखं बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं. थांबले. पुन्हा चोळलं, नाकाशी नेलं. मग मान वळवून सरळ माझ्या खिडकीकडे बघितलं. टाकीत एक थेंब न ओतता बॉनेट बंद केलं. रात्री जेवले नाहीत, पोट जड आहे म्हणाले. मला कॅन भरायची अक्कल कुणी सांगितली होती!

७ डिसेंबर, रविवार

विश्वजित आला. गाडीभोवती फिरला, टायर बघितले, चावी मागितली. इंद्रजीतनं चावी पुढं केली तेवढ्यात काकासाहेब ओट्यावरून उठून फाटकाशी, दोघांच्या मध्ये आले. "गाडीत खोट नाय. ब्रेकात ट्रॅक्टरचं तेल म्या घालत होतो. हिला कळलं व्हतं. हिनं माझं नाव घेतलं नाय, गाडी जाऊ द्याया निघाली." मग पोराकडे बघितलं. "माझ्याकडनं काय काढून घ्यायचं ते घे. तिच्याकडनं नको."

विश्वजित हळूच निघून गेला. इंद्रजीतनं चावी माझ्या हातात दिली.

काकासाहेब अजून फाटकाशीच उभे आहेत, पोरगा आपल्याकडून काय काढून घेतो याची वाट बघत.