बाबांचा जोड

९ नोव्हेंबर

फोडली! दादानं बाबांची गिटार फोडली. भर स्टेजवर, माझ्या डोळ्यांदेखत.

शेवटचं गाणं झालं. त्यानं गिटार डोक्यावर धरली. मला वाटलं, मिरवतोय. आणि आपटली! तीनदा! मान पोटातून निखळून गर्दीत जाऊन पडली. लोक वेडेच झाले. शिट्ट्या काय, किंचाळ्या काय! शेजारच्या अनोळखी बाईनं मला मिठी मारली. तुकड्यांसाठी माणसं खुर्च्यांवर चढली. मी नुसती "अरे, अरे" करत राहिले.

आणि आई टाळ्या वाजवत होती.

१० नोव्हेंबर

आईला विचारलं. "सगळे वाजवत होते, मी काय हात बांधून बसू?"

दादा म्हणतो, "अगं, लाकूडच ना? दुकानात रोज तेच तासतेस." उचलली जीभ, लावली टाळ्याला! बाबांच्या हातची घरात ती एकच उरली होती. ती दादाला मिळाली, त्या वर्षी मीही मागितली होती. "पुढची तुझी, चिमे," म्हणाले. पुढची कधी आलीच नाही. बाबा गेले, त्यांचं गिटारींचं दुकान मात्र आलं वाट्याला.

१२ नोव्हेंबर

हॉल झाडणाऱ्या मावशींनी तुकडे गोणीत भरून ठेवले होते. "कुणाचं तरी असेल, म्हणून टाकलं नाही." एवढ्या गर्दीत तेवढं एक माणूस!

सगळं टेबलावर मांडलं. पाठ आहे, बाजू आहेत, मान नाही. मिळाली तर जोडीन, कितीही महिने लागोत. मानेचा खुंटा, म्हणजे तिचं आत शिरणारं टोक, बाबा पोटात असा बसवायचे की बावीस वर्षांत तो जोड हलला नाही. मी तारा बदलल्या, तारा पिळायच्या खुंट्या बदलल्या, तिथे हात लावायची वेळच आली नाही. सरस लावण्याआधी त्या खुंट्यावर पेन्सिलीनं लिहायचे — कुणासाठी केली ते. "मोडल्याशिवाय कुणी वाचू नये," म्हणायचे.

दुकानाच्या काचेवर चिठ्ठी लावली. मान असेल तर आणून द्या.

१४ नोव्हेंबर

दादा रेडिओवर. "त्या गिटारीतून मला मोकळं व्हायचं होतं." निवेदिका म्हणाली, "वा!" तळपायाची आग मस्तकात गेली. रेडिओ बंद केला.

१९ नोव्हेंबर

मान आली! टॉवेलात गुंडाळून. बँकेतले एक टकलू साहेब. चिठ्ठी वाचलीच नव्हती. "ताई, भिंतीवर टांगायचीय, हूक बसवून द्या. आयुष्यात पहिल्यांदा इतका ओरडलो हो मी!" रडावं की हसावं? म्हटलं, ही माझ्या बाबांनी केलेली. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. मान ठेवून गेले, टॉवेलसुद्धा विसरले.

२० नोव्हेंबर

खुंट्यावरचा सरस कोमट पाण्यानं सोडवला. दादाचंच नाव असणार, म्हणून आधी बघतही नव्हते.

बाबांचं अक्षर. "चिमीला. बारावा वाढदिवस."

आईपुढे धरलं. तिनं चष्मा लावून वाचलं. मग म्हणाली, "ती मलाच हवी म्हणून दादानं तीन दिवस अन्नाला हात लावला नव्हता गं. तू समजूतदार होतीस."

समजूतदार!

२१ नोव्हेंबर

दादाला फोन केला. एवढंच विचारलं, तुला ठाऊक होतं?

"पहिल्या दिवसापासून," म्हणाला. "म्हणून तर फोडली."