सात नंबरचा नारळ

१६ सप्टें., मंगळ.
दसऱ्याची सुट्टी मागायला मीच गेलो. दरसालची कटकट. खंडेनवमीला मशीनची पूजा केली की दसऱ्याला तिला हात लावायचा नाही, हे शेंद्र्याच्या एमआयडीसीत साहेबलोकांना दरवर्षी नव्यानं सांगा! भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. प्लँटहेड म्हणाले, "एक दिवस कशाला? रविवार धरून चार दिवस घ्या. पूजा जोरात करा, बायकापोरांना आणा."
मी बघतच राहिलो. शेडमध्ये सांगितलं तर पोरांनी मला उचलूनच घेतलं. सुपरवायझर झाल्यापासून पहिल्यांदा कौतुक.

२३ सप्टें.
सात नंबरच्या मशीनवरचा कडुबा आज पेंगत होता. बायको शांताबाई डायलिसिसवर. हा रात्रपाळी मागून घेतो, दिवसा तिला नेतो. सगळं कंपनीच्या ईएसआय विम्याच्या कार्डावर. म्हणाला, "भाऊ, नोकरी हाय तवर ती हाय." म्हटलं, अभद्र बोलू नको.
साचे ग्रीस लावून गुंडाळायला सांगितलेत. का, तर सुट्टीत गंजतील. चार दिवसांत? असो.

२७ सप्टें.
दोन माणसं मागच्या शटरचं माप काढत होती. हटकलं तर म्हणे, "रंग मारना है." असेल. पण जेवण गेलं नाही. घरी वै. म्हणाली, "तुम्हाला चांगलं झालेलंबी पचत नाही." बायकोच ती, बोलणारच.

१ ऑक्टो., खंडेनवमी
काय पूजा झाली! सगळं शेड झेंडूनं पिवळं. आमच्याकडं नारळ आज फोडत नाहीत. मशीनवर ठेवायचा, सुट्टीवरून आलो की ज्याचा त्यानं फोडायचा आणि मगच बटण दाबायचं. शांताबाईंनी नारळ पाठवला होता, हळद माखून, लाल दोरा गुंडाळून. कडुबा म्हणाला, "खोबरं तिला बंद हाय, पण घरी नेलं की नुसता हात लावंल."
वै. सात नंबरच्या पायाला कुंकू लावायला वाकली. बोटं काळी करून उठली. डिझेल. "बोल्टला डिझेल कुणी पाजलं हो?" म्हटलं, मेंटेनन्सवाल्यांनी असंल.
प्लँटहेड एकेका मशीनचा फोटो काढत होते. माणसांना म्हणाले, जरा बाजूला व्हा.

२ ऑक्टो., दसरा
सोनं वाटलं. प्लँटहेडना मेसेज टाकला. बघितला, उत्तर नाही.

४ ऑक्टो.
कडुबाचा फोन. शांताबाईला घेऊन करमाडहून येताना जालना रोडला मोठे ट्रेलर दिसले, ताडपत्री घातलेले. "खालून झेंडू लोंबत व्हता, भाऊ."
"दसरा आहे बाबा. कुठल्या गाडीला झेंडू नाही?"
"व्हय. ते बी खरंय."


६ ऑक्टो., सोम.
गेटवर सगळ्यांना अडवलं. मला एकट्याला आत नेलं.
शेड रिकामं. फरशीत बोल्टची भोकं, चिरडलेला झेंडू. आणि भिंतीकडेला नारळ, ओळीनं मांडून ठेवलेले. मशिनी उचलून नेणाऱ्यांनी नारळ मात्र नीट ठेवले, वा रे देवभक्त!
डिझेल. जाम बोल्ट सुटावा म्हणून सोडतात. इतकी वर्षं कारखान्यात घातली, मला कळू नये?
प्लँटहेड म्हणाले, "निर्णय वरून आलाय." वर म्हणजे कुठं? पत्र्यावर? एचआरच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बंद ठेवायची मागणी तर तुम्हीच केली होती ना? सगळ्यांच्या वतीनं?"
डोकं सणकलं.
आता म्हणतात, लोकांना सांगा दुरुस्ती चाललीय, आठवडाभर घरी थांबा. तुमचं ऐकतात ते. तुमची सोय नव्या प्लँटला केलीय. कुठं? दुसऱ्या राज्यात. बाकीच्यांची? "बघू."
लाल दोऱ्याचा नारळ उचलला. कुणी अडवलं नाही.
गेटवर सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. कडुबा नव्हता, दवाखान्याची पाळी. "उद्या सांगतो," एवढंच म्हणालो आणि गाडी काढली. लाज वाटते लिहायला.

७ ऑक्टो.
मॅडमचे सकाळपासून फोन. उचलले नाहीत. वै. म्हणाली, "नव्या प्लँटचं नंतर बघू. आधी कडुबाला खरं सांगा." तिला सांगायला काय जातं. पण खरंच आहे.
कडुबाला फोन केला. "परत दवाखान्यातच हाय भाऊ. काल अर्ध्यातच काढलं, बीपी उतरलं. आज परत मशीनला लावलंय. ते दुरुस्तीचं पोरं म्हणत होती, झाली का? रात्री येऊ ना?"
कंपनीनं आधीच पसरवलं तर. माझ्याच नावानं असणार.
म्हटलं, तिथंच थांब, येतो.
दवाखान्यासमोर गाडीवर बसून लिहितोय. नारळ डिक्कीत. काचेतून कडुबा दिसतोय, कार्ड हातात धरून काउंटरच्या रांगेत. त्यानं मला बघितलं. हसला. हात केला, या म्हणून.