खिडकीजवळ, हातानं, पाचपर्यंत

ताई, साष्टांग नमस्कार.

डोळे जरा चुरचुरतात, बाकी मजेत आहे. शिवणाच्या दुकानात मालकीण इंग्रजीत बजावते, खिडकीजवळ बस, हातानं शिव, पाचपर्यंत संपव, बसनं घरी जा. ‘जवळ’, ‘नं’, ‘पर्यंत’, सगळ्याला इंग्रजीत तेच एक ‘बाय’ (by)! तू पोळ्या लाटता लाटता, पुस्तक न बघता, हेच माझ्याकडून घोकून घ्यायचीस. चुकलो की लाटणं उगारायचीस.

काल मालकिणीनं विचारलं, “इंग्रजी कुणी शिकवलं?”

“ताईनं.”

“कुठल्या शाळेत शिकवते?”

माझ्या शिक्षणापायी तुझी शाळा सुटली, हे मला सांगवेना.

आईचे गुडघे कसे आहेत? बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म आण. रविवारी फोनवर घोकून मी घेईन. मला मात्र पुस्तक बघावं लागेल.

तुझा ढ,
धाकटा