बाबांची कोरी रायफल

१२ सप्टेंबर
संकल्प: बाबांची रायफल यंदाही खोक्यातून काढायची नाही. कंपनीने आठवण म्हणून काढलेली खास स्मारक आवृत्ती, एकही गोळी न झाडलेली, कारखान्याच्या मूळ पुठ्ठ्यात. पांढरे हातमोजे घातल्याशिवाय मी हात लावत नाही. गोळी चढवायचा लिव्हर तर ओढतच नाही, चरा पडतो. शिस्त लागते, ती पेनसिल्व्हेनियात आता फक्त माझ्याकडे उरलीय.

१४ सप्टेंबर
धाकटा भाऊ डेल्मर आला. त्याची नजर चाललीय. डॉक्टर म्हणाले, हिवाळ्यापर्यंत. म्हणतो, हॅरलन, दिसतंय तोवर बाबांच्या रायफलीने एक बार काढू दे की. मी समजावलं, एकदा झाडली की वापरलेली ठरते. तर म्हणतो, मग काय लोणचं घालणारेस तिचं? आजारी माणूस. मनावर घेतलं नाही.

३ ऑक्टोबर
लोरेन म्हणाली, सख्ख्या भावापेक्षा तुला पुठ्ठा प्यारा. बायकोला संग्रह कळत नाही. जपतोय ती डेल्मरच्या मुलींसाठीच. मृत्युपत्रात अजून लिहिलेलं नाही. लिहीन.

१९ ऑक्टोबर
बंदुकांच्या प्रदर्शनात किंमत काढायला रायफल घेऊन ताठ मानेने गेलो. टेबलामागच्या म्हाताऱ्याने खोकं उघडलंसुद्धा नाही. टेबलाखाली तश्शाच खोक्यांची चळत दाखवली. म्हणाला, स्मारक म्हणून सगळ्यांनी घेतल्या, सगळ्यांनी जपल्या, आता कोण विचारतंय? झाडा साहेब, चांगली चालते.
मूर्ख आहे. घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं.

२ नोव्हेंबर
निर्णय: मन मोठं करायचं. हरणांच्या शिकारीचा सीझन उघडायच्या आत डेल्मरला एक बार. आज मात्र हवा दमट. ओलीत लोखंड बाहेर काढत नाहीत.

९ नोव्हेंबर
पाऊस.

१६ नोव्हेंबर
लख्ख ऊन. पण हातमोजे धुवायला टाकलेले. डेल्मरला फोन केला, पुढच्या वेळी नक्की. तो फक्त बरं म्हणाला. आवाज मला आवडला नाही.

२८ नोव्हेंबर
डेल्मरला कुरणात नेलं. गोळी मी भरली, रायफल त्याच्या उघड्या हातांत दिली. त्याने दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला. नळी डावीकडे-उजवीकडे फिरवली. मग विचारलं, निशाण कुठल्या बाजूला आहे रे? मी खांदे धरून त्याला वळवलं. म्हटलं, समोरच आहे, मार. उगाच हवेत मारून काय करू, म्हणाला. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशीसुद्धा दिसत नाही, म्हणाला, महिन्याभरापूर्वी दिसत होती.
रायफल माझ्याकडे दिली आणि तारेच्या कुंपणाला हात लावत लावत गाडीकडे गेला. मी मदतीला धावलो, तर म्हणाला, राहू दे, तू ती सांभाळ.
घरी आल्यावर हातमोजे घालून ती पुसली, पुठ्ठ्यात ठेवली. रायफल मात्र अजून कोरी आहे.