पंचेचाळीसवरचे बुवा

बुधवार, २२ ऑगस्ट १९८४. सकाळी १०.२०.
नेमक्या या वेळी, माझ्याच ओटीवर, नव्या रेकॉर्ड प्लेअरने मला पुरुष करून टाकलं.
१९४९ साली मुंबईत माझ्या आवाजातली एक रेकॉर्ड निघाली होती. गणपतीचं गाणं. पुढे ती कंपनी बुडाली. त्याचा माझ्याशी संबंध नाही. आमचा ग्रामोफोन मोडल्यापासून ती कोणी ऐकलेली नाही, पण आळीत मी तिच्याबद्दल सांगत आले आहे. शेजारची दमयंती दरवर्षी माझ्याच गणपतीपुढे आरती ओढते आणि लोक तिच्या गळ्याचं कौतुक करतात. यंदा खरं गाणं ऐकवणार, असं मी जाहीर केलंय.
वेगाचा खटका ३३ वर ठेवला, तर गाय हंबरली. ४५ वर एक गृहस्थ गाऊ लागले.

गुरुवार, २३.
शांतपणे विचार केला. कॉन्व्हेंटचा हाच फायदा. बारा इंची मोठी रेकॉर्ड ३३ वर चालते, सात इंची छोटी ४५ वर. माझी दहा इंची, म्हणजे मधली. तिला वेगही मधलाच हवा. खटका दोन्ही आकड्यांच्या मध्ये धरून ठेवला. मशीन बंद पडलं. सदोष माल.

शुक्रवार, २४.
मशीनसोबत आलेलं माहितीपत्रक पुन्हा वाचलं. परवा इंग्रजीच्या चुका लाल शाईने दुरुस्त करताना अर्थाकडे लक्ष गेलं नव्हतं. आकाराचा वेगाशी संबंध नाही म्हणे. जुन्या जाड, ठिसूळ रेकॉर्डींना ७८ चा वेग आणि जाड सुई लागते. या मशीनला दोन्ही नाही. मग हे पहिल्या पानावर का छापलं नाही? (पहिल्या पानावरच आहे. पण अक्षर बारीक.)
दुकानदार महिपतला सुनावलं. म्हणाला, "बाई, घेताना मी सांगायला लागलो, तर 'मला वाचता येतं' म्हणालात." उद्धट. मशीन परत घ्यायला तयार झाला. पुढच्या शनिवारी सकाळी माणूस येईल.

सोमवार, २७.
७८ चं चावीचं मशीन आळीत एकच आहे. दमयंतीकडे. मी मागणार नाही.

मंगळवार, २८.
मागितलं नाही. तिने विचारलं, तेव्हा नको म्हटलं नाही. तेलपाणी करून शुक्रवारी आणते म्हणाली.

गुरुवार, ३०. चतुर्थी.
आरतीला आळी जमली. "रेकॉर्ड कुठाय?" मशीन कसं सदोष आहे ते दाखवावं, म्हणून ४५ वर लावली.  सगळ्यांनी हात जोडले. दमयंतीचे डोळे भरून आले. "कोण गो हे बुवा? काय गळा!"
मी म्हटलं, उद्या कळेल.

शुक्रवार, ३१. रात्री ८.
दमयंतीने चावी दिली, जाड सुई लावली. ७८. अखेर माझा आवाज, जसाच्या तसा.
तिची नात रडायला लागली. दमयंती हळूच म्हणाली, "कमळाबाय, चावी जास्त झाली काय गो?" वेग कमी-जास्त करून पाहिला. चावीचा दोष नव्हता.
सगळ्यांनी खिरापतीला हात घातला. ती संपेपर्यंत मान वर नाही. मग मागून कोणीतरी म्हणालं, "कालचे बुवा लावा ना!" सगळ्यांनी तेच धरलं. सगळ्यांकडे पाठ करून तीच रेकॉर्ड ४५ वर लावली. दोनदा. गौरीच्या जागरणालाही तेच हवेत. बुवा कोण, विचारलं.
मी म्हटलं, माझे गुरू.
दमयंती म्हणाली, "मग तुला का नाय शिकवलं गो त्यांनी?"

रात्री ९. महिपतला पाठवायचा मजकूर:
आपल्या मशीनमध्ये कोणताही दोष नाही. उद्या माणूस पाठवू नये. विशेषतः ४५ च्या खटक्याला कोणी हात लावू नये. गौरी जाईपर्यंत बुवांचा मुक्काम आमच्याकडे आहे. हे मान्य असल्याचं लेखी उत्तर उद्या सकाळी नऊच्या आत मिळावं. तोंडी निरोप चालणार नाही, तो भलत्याच्या कानावर जातो. दमयंती ओटीवरच बसलेली असते.