आधी घरची खुशाली

म्वांझा, टांझानिया

माय, पाया पडतो.

मी धडधाकट हाओ, जेवण बी जमते. पण ह्या स्वाहिलीनं डोकं खाल्लं! शिकाचं पुस्तक इंग्रजीतून, आता पयले इंग्रजी शिकू का हे? तो अन् ती, दोघाइले एकच शब्द, 'येये'! परवा कापसाच्या जिनिंगमंधी कामावर आल्याबरोबर 'हराका', म्हंजे लवकर, असं ओरडलो, तं सारे मजूर हात बांधून बसले. इथं पयले एकमेकाच्या घरची खुशाली इचारा लागते, मंगच काम!

आता रोज चाळीस जण मले इचारतात, "माय कशी आहे?" मी "बरी" म्हणतो.

फोनवर तू बी "बरी हाओ" म्हणते अन् ठेवून देते. तुह्या ऑपरेशननंतरचा रिपोर्ट काय आला, ते लिव. रोज चाळीस वेळा खरं बोलून राहिलो का खोटं, तेवढं तं मले कळू दे!

तुहा,
गजेंद्र